आठ ग्लास पाण्याचा हिशेब

मे महिन्यात घरी जायचं नाही, असं मी दरवर्षी ठरवतो आणि दरवर्षी जातो. घर म्हणजे असोदा. जळगावपासून अगदी जवळ. बहिणाबाई चौधरींचं माहेर म्हणून किंवा भरिताच्या वांग्यांमुळे तुम्ही नाव ऐकलं असेल. नसेल तर एवढंच लक्षात ठेवा की मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला सहज जातो, दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि कूलरसमोरची जागा ही घरातली सगळ्यात मोठी इस्टेट असते.

मागच्या मे महिन्यात मी असाच लॅपटॉप घेऊन त्या इस्टेटीवर बसलो होतो. त्याआधी पुण्यात आमच्या ऑफिसात 'आरोग्य सप्ताह' झाला होता. त्यात प्रत्येकाला एक बाटली आणि एक उपदेश फुकट मिळाला: रोज आठ ग्लास पाणी प्या. मोबाईलवर त्यासाठी एक ॲपही होतं. दर दोन तासांनी टुणकन वाजतं आणि ग्लास प्यायला की टिक करायची. उत्साहाच्या भरात मी ते आईच्या, बाबांच्या आणि काकूच्या फोनवर टाकलं. आजीकडे साधा फोन आहे. म्हणून तिच्या खाटेजवळ भिंतीवर एक कागद चिकटवला, त्यावर रोजचे आठ चौकोन आखले आणि हातात पेन्सिल दिली.

आजी ७८ वर्षांची. ती आधी हसली. म्हणाली, "तहान लागली का पानी प्यावं, त्याले काय मोजनं?" पण नातू इंजिनियर. त्यात पुण्याहून आलेला. तिने ऐकलं. चौकोन इमानदारीत भरत गेली.

नवव्या दिवशी तिचे पाय सुजले. दहाव्या रात्री तिला आडवं झोपता येईना, धाप लागत होती. जळगावला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि बाबांना विचारलं, "हृदय कमजोर आहे, दिवसाला सव्वा लिटरच्या वर पाणी नको, असं मागच्या वेळीच सांगितलं होतं ना? मग पाणी कुणी वाढवलं?" ही सूचना बाबांना माहीत होती, मला नव्हती, आणि मी कागद चिकटवताना कुणाला विचारलंही नव्हतं. बाबा माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात आजीच म्हणाली, "मीच पेली. मले तहान लागत होती."

चार दिवसांनी ती घरी आली. आता बरी आहे. तो कागद मी काढून टाकला, पण तिचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना. नंतरचे बरेच शनिवार-रविवार मी एकाच प्रश्नामागे घालवले. हे आठ ग्लास आले कुठून? कुणी मोजले? कुणासाठी मोजले? जे सापडलं ते इथे मांडतोय. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे हा इतिहास आहे, औषधोपचार नव्हे.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून. आपल्याकडे पाणी पिण्यासाठी मोजायची पद्धतच नव्हती. तांब्या, गडू, फुलपात्र, पेला ही भांडी होती, मापं नव्हती. लिटर हे माप आपल्या व्यवहारात १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने आलं. त्याआधी दूध-तेलाला शेर, पावशेर होते. पण दिवसभरात आपण किती शेर पाणी प्यायलो, असा विचार कुणी केला असेल असं मला वाटत नाही. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. म्हणजे त्यांच्या पूर्ण आयुष्यात 'दोन लिटर पाणी प्या' हे वाक्य कानावर पडण्याची काही सोयच नव्हती.

जुन्या वैद्यकात मात्र पाण्याबद्दल बरंच लिहिलंय. वाग्भटाचा 'अष्टांगहृदय' साधारण सातव्या शतकातला मानतात. त्यात पाण्याचा सरसकट आकडा नाही. उलट तो म्हणतो की शरद आणि ग्रीष्म हे ऋतू सोडले तर निरोगी माणसानेही पाणी बेतानेच प्यावं. मग ज्यांनी जास्त पिऊ नये अशांची यादी देतो. मंदाग्नीवाले, पोटात पाणी झालेले, वगैरे वगैरे, आणि त्यात 'शोथ' हा शब्द आहे. शोथ म्हणजे सूज. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. वाग्भटाला हृदयाचा पंप कमजोर होणं आजच्या अर्थाने माहीत नव्हतं, आणि त्याला ते माहीत होतं असा दावा करायची मला हौसही नाही. पण सुजलेल्या माणसाला पाणी वाढवण्याआधी थांबावं, हे त्याने बघून लिहून ठेवलं होतं. मी मात्र सुजण्याआधी विचारलंही नाही.

गंमत म्हणजे आठ हा आकडासुद्धा आयुर्वेदात सापडतो. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या 'भावप्रकाशा'त सूर्योदयाच्या सुमाराला आठ प्रसृती पाणी प्यायला सांगितलंय. ज्याला आपण उषःपान म्हणतो ते हेच. प्रसृती म्हणजे पसरट तळव्यात मावेल तेवढं, आजच्या हिशेबाने १०० मिलीच्या आत-बाहेर. म्हणजे आठ मिळून पाऊण लिटर. पुढे 'जपानी जलोपचार' नावाने उठल्या उठल्या चार ग्लास प्यायची जी पत्रकं आणि ईमेल सगळीकडे फिरली, तीही यांच्याच जातकुळीतली. पण हे झालं सकाळचं पाणी. दिवसभराचे आठ ग्लास इथून आले नाहीत. आकडा जुळला म्हणून नातं जुळत नाही, हे डेटाबेसवर काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको :)

आता जाऊ या अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धात. तिथे 'फूड अँड न्यूट्रिशन बोर्ड' नावाचं एक मंडळ होतं. देश युद्धात उतरणार म्हटल्यावर सैनिकांना, कामगारांना, मुलांना किती अन्न लागेल याचं नियोजन करायचं होतं. त्यासाठी १९४१ पासून या मंडळाने कॅलरी, प्रथिनं, जीवनसत्त्वं यांचे तक्ते बनवले. १९४५ च्या आवृत्तीत पाण्याचाही उल्लेख आला. बहुतेक मोठ्या माणसांसाठी दिवसाला अडीच लिटर ही योग्य तरतूद, हिशेब साधा: एका कॅलरी अन्नामागे एक मिलिलिटर पाणी. २५०० कॅलरी, अडीच लिटर. आणि लगेच पुढे असं म्हटलं होतं की यातलं बरंचसं पाणी तयार अन्नातच असतं.

हा पुढचा भाग कुणी लक्षात ठेवला नाही. आकडा राहिला, अट गळाली. आठ ग्लासांचा उगम इथेच आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण संशयित क्रमांक एक हाच. दुसरा संशयित म्हणजे अमेरिकेतलेच आहारतज्ज्ञ फ्रेडरिक स्टेअर. १९७४ च्या एका पुस्तकात त्यांनी आणि त्यांच्या सहलेखिकेने दिवसाला सहा ते आठ ग्लास असं लिहिलं, पण त्यात चहा, कॉफी, शीतपेयं, फळं सगळं धरून. इथेही तेच झालं. आकडा राहिला, अट गेली.

अन्नातलं पाणी ही काही किरकोळ बाब नाही. वांग्यात वजनाच्या ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. टरबूज तसंच. शिजलेल्या भातात दोन-तृतीयांशाच्या आसपास. वरण, ताक, कढी यांचं तर बोलायलाच नको. म्हणजे भरीत-भाकरी आणि वर ताकाचा पेला घेणारा माणूस जेवतानाच बरंच पाणी पीत असतो, फक्त त्याची टिक ॲपमध्ये होत नाही.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचंय ते लक्षात येईल. आम्ही सर्व्हर विकत घेताना कपॅसिटी प्लॅनिंग करतो. समजा एक लाख युजर आहेत, प्रत्येकामागे सरासरी अमुक एवढा लोड धरला, म्हणजे एवढी मशीन्स लागतील. हा आकडा मशीन मागवण्यासाठी असतो. उद्या कुणी तोच आकडा घेऊन एकेका युजरला म्हणायला लागलं की "तुम्ही रोज एवढ्या वेळा क्लिक केलंच पाहिजे", तर त्याला आपण वेडा म्हणू. १९४५ चा अडीच लिटरचा आकडा हा कपॅसिटी प्लॅनिंगचा आकडा होता. पुरवठा करणाऱ्यासाठी. तो पिणाऱ्यावर उलटवला गेला.

आपल्याकडे असाच एक आकडा आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रातलं कुठलंही जुनं माणूस विसरलेलं नाही. त्याच सुमाराला, १९७२-७३ मध्ये, केंद्र सरकारने ग्रामीण पाणीपुरवठ्याचा वेगवर्धित कार्यक्रम सुरू केला. या कार्यक्रमाच्या निकषांत खेड्यातल्या माणसाला दिवसाला ४० लिटर पाणी मिळावं असं ठरलं. त्याची फोड अशी: पिण्यासाठी ३ लिटर, स्वयंपाकाला ५, अंघोळीला १५, भांडी आणि घर धुण्यापुसण्याला ७, शौचाला १०. तीन अधिक पाच अधिक पंधरा अधिक सात अधिक दहा, बरोब्बर चाळीस. दर २५० माणसांमागे एक हातपंप किंवा नळकोंडाळं. आणि पाण्याची जागा सपाटीवर घरापासून १.६ किलोमीटरच्या आत असावी.

एका शनिवारी मी हे आकडे घेऊन बसलो. २५० माणसं गुणिले ४० लिटर म्हणजे दिवसाला १०,००० लिटर. हातपंपाचं पाणी मिनिटाला १२ लिटर धरतात. म्हणजे ८३३ मिनिटं. जवळपास चौदा तास पंप एक क्षणही न थांबता हापसत राहायला हवा! कोण हापसणार हे निकषात लिहिलेलं नाही, पण तुम्हाला-मला माहीत आहे.

आता अंतर घ्या. सहा माणसांचं घर, २४० लिटर. एक हंडा १५ लिटरचा. म्हणजे १६ हंडे. एक डोक्यावर, एक कमरेवर असे दोन-दोन आणले तरी आठ खेपा. विहीर निकषाप्रमाणे १.६ किलोमीटरवर असेल तर एक खेप जाऊन-येऊन ३.२ किलोमीटर, आणि आठ खेपांचे २५ किलोमीटरच्या वर. अर्धं अंतर तीस किलो वजन घेऊन. चालण्यातच सहा तास गेले. स्वयंपाक, शेत, पोरं हे सगळं त्याच्यानंतर.

म्हणजे दीड किलोमीटरवर विहीर आणि माणशी ४० लिटर या दोन गोष्टी एकाच घरात शक्यच नव्हत्या. कागदावर दोन्ही अटी पास, प्रत्यक्षात सिस्टीम फेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या एका अहवालात हेच वेगळ्या शब्दांत आहे: पाणी एक किलोमीटरच्या पलीकडे असलं की माणशी वापर अनेकदा पाच लिटरच्याही खाली जातो. पाच लिटरमध्ये पिणं आणि स्वयंपाक. बाकी सगळं बंद.

हा हिशेब मी फोनवर आजीला सांगितला. १९७२ मध्ये ती पंचविशीत होती. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. ती म्हणाली, आणलेल्या पाण्यातून आधी पोरांना, मग म्हाताऱ्यांना, मग गुरांना. बाईने शेवटी प्यायचं. आणि पाणी आणायला जाताना विहिरीवरच पोटभर पिऊन घ्यायचं, म्हणजे हंड्यातलं वाचतं. पाणी न मोजणारी माझी आजी खरं तर आयुष्यभर पाणी मोजतच जगली. फक्त स्वतःच्या पोटातलं नाही, दुसऱ्याच्या वाट्याचं. (२०१९ च्या जल जीवन मिशनने हा निकष ५५ लिटरवर नेला आणि पाणी घरात नळाने यावं असं ठरवलं. माझ्या मते १५ लिटर वाढले यापेक्षा खेप वाचणं हा मोठा बदल आहे.)

कमी पाण्यात राहायची सवय शरीराला लावता येते का? हा प्रश्न युद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यालाही पडला होता. वाळवंटात लढायचं तर सैनिकांना आधीपासून कमी पाण्याची शिस्त लावावी, असा एक विचार होता. ई. एफ. अ‍ॅडॉल्फ नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात प्रयोग केले आणि १९४७ मध्ये ते पुस्तकरूपाने छापले. निष्कर्ष दोन. पहिला, अशी सवय लागत नाही. घाम तेवढाच येतो, पाणी कमी पडलं की माणूस कोसळतो. दुसरा निष्कर्ष जास्त मजेशीर आहे: उन्हात काम करणारा माणूस पाणी समोर असूनही जेवढं घामातून जातं तेवढं पीत नाही. तूट राहते आणि ती जेवणाच्या वेळी भरून निघते.

म्हणजे तहान ही यंत्रणा एकंदरीत उत्तम आहे, पण उन्हातल्या कामात ती मागे पडते. एरवी तिचं काम फार नेमकं चालतं. रक्त एक-दोन टक्क्यांनी घट्ट झालं तरी मेंदूला कळतं, मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायचा निरोप जातो आणि आपण माठाकडे वळतो. म्हातारपणी ही तहान बोथट होते. म्हणून उन्हाळ्यात वृद्धांना पाणी विचारत राहायला हवं हे खरंच आहे. माझा हेतू चुकला नव्हता, हे मी स्वतःला समजावतो. चूक ही होती की मी माणूस न बघता आकडा लावला.

बरं, ज्याला काही आजार नाही त्याने जास्त प्यायलं तर? बहुतेक वेळा काही नाही, फक्त फेऱ्या वाढतात. पण निरोगी मूत्रपिंडंसुद्धा तासाला साधारण एक लिटरपर्यंतच पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून वेगाने पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. त्यात मुख्य हात होता शर्यतीत वाजवीपेक्षा जास्त पिण्याचा.

त्याच वर्षी, २००२ मध्ये, अमेरिकेतल्या डार्टमथचे हाइन्झ व्हॅल्टिन यांनी आठ ग्लासांच्या नियमामागचा पुरावा शोधायला घेतला. आयुष्यभर मूत्रपिंडांवर काम केलेला माणूस. त्यांना निरोगी, समशीतोष्ण हवेत बैठं काम करणाऱ्या माणसासाठी असा पुरावा सापडलाच नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने पुरुषाला ३.७ आणि बाईला २.७ लिटर असे आकडे दिले, पण अन्न आणि सगळी पेयं धरून, आणि सोबत हेही सांगितलं की निरोगी माणसाला तहान पुरेशी आहे. युरोपने २०१० मध्ये अडीच आणि दोन लिटर दिले, तेही अन्न धरून. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०११ च्या पुस्तिकेत मात्र आठ ग्लास, म्हणजे दोन लिटर आहेतच, उन्हाळ्यात आणि कष्टाच्या कामात जास्त या सूचनेसकट.

(इथे एक तांत्रिक मुद्दा. अमेरिकन आठ औंसाचा ग्लास म्हणजे २३७ मिली. आमच्या घरचा स्टीलचा ग्लास मी मापून बघितला: ३२० मिली. म्हणजे आजीचे आठ ग्लास हे अडीच लिटरच्या वर जात होते. वर चहा, ताक, वरण वेगळंच. युनिट तपासल्याशिवाय व्हॅल्यू वापरू नये, हे आम्ही ज्युनिअर पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. असो.)

मग २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. २३ देशांतली ५,६०४ माणसं, वय आठ दिवसांपासून ९६ वर्षांपर्यंत. लोकांना विचारून नव्हे, तर जड हायड्रोजन असलेलं पाणी थोडंसं पाजून आणि ते शरीरातून किती वेगाने निघून जातं हे मोजून केलेला. त्यातून दिसलं की रोजची पाण्याची उलाढाल माणसागणिक प्रचंड बदलते. विशी-पस्तिशीतल्या पुरुषांची सरासरी सव्वाचार लिटरच्या आसपास. यात अन्नातलं, श्वासातलं, शरीरात तयार होणारं सगळं पाणी आलं. त्यामुळे आठ ग्लास नुसतं पाणी बऱ्याच जणांसाठी गरजेपेक्षा जास्त ठरतं. पण दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. उष्ण हवेत राहणारे, अंगमेहनत करणारे आणि गरीब देशांतले लोक यांची उलाढाल जास्त निघाली. म्हणजे एसीत बसून ॲपवर टिका करणाऱ्या मला जो आकडा जास्त, तोच आकडा केळीच्या बागेत राबणाऱ्या बाईला कमी!

आणि तिला तो मिळत नाही, यात अडचण फक्त माठाची नाही. शेतावर आडोसा नसतो. दिवसभर लघवीला जाता येणार नाही म्हणून बाया सकाळपासूनच पाणी कमी पितात. माझी काकू हे उघड बोलते. आईला मी मोठा झाल्यावर पहिल्यांदा विचारलं, तर तीही तेच म्हणाली. याचे परिणाम काय होतात ते सांगणारे चांगले प्रयोग आहेत. वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बायांवरचा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. ज्यांनी रोज दीड लिटर पाणी वाढवलं त्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. मुतखड्याचंही तसंच. इटलीत पहिला खडा झालेल्या १९९ जणांना पाच वर्षं बघितलं. भरपूर पाणी पिणाऱ्या गटात १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांना. हे १९९६ चं काम. आमच्या भागात मुतखडा घरटी नसला तरी गल्लीटी सापडतो, त्यामुळे हे आकडे मला फार जवळचे वाटतात.

म्हणजे पाण्याने काही होत नाही असं अजिबात नाही. कुणाला होतं, केव्हा होतं, हा प्रश्न आहे. आजीच्या बाबतीतही एक टीप द्यायला हवी. हृदय कमजोर असलेल्या पण प्रकृती स्थिर असलेल्या सुमारे ५०० रुग्णांवरचा नेदरलँड्समधला एक अभ्यास २०२५ मध्ये आला. त्यात पाण्यावर बंधन घालून तब्येतीत ठळक फरक दिसला नाही, तहानेचा त्रास तेवढा वाढला. म्हणून आता सगळ्यांनी बंधन झुगारावं असं नाही. आजीची प्रकृती स्थिर नव्हती. तिचा आकडा तिच्या डॉक्टरांनी तिचं वजन, सूज आणि गोळ्या बघून ठरवलाय, आणि तो बदलायचा तर तेच बदलतील. मी नाही.

यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट शेवटी सांगतो. जळगाव जिल्हा म्हणजे केळी आणि ठिबक. आमच्या शेतात केळीला किती पाणी द्यायचं हे बाबा कसं ठरवतात? रोप केवढं आहे, महिना कुठला, ऊन किती, जमीन कशी, घड पडलाय का. कोवळ्या रोपाला दिवसाला चार-पाच लिटर, मोठ्या झाडाला भर उन्हाळ्यात वीसच्या आसपास. पावसाळ्यात ठिबक बंद. ओल जास्त दिसली तर बंद. सगळ्या झाडांना बारा महिने एकच आकडा लावणाऱ्याला गावात कुणी शेतकरी म्हणणार नाही. आणि मी त्याच घरातला मुलगा, चार माणसांच्या चार प्रकृतींना एकच आकडा लावून मोकळा झालो होतो.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा भिंतीवर परत एक कागद लावला. या वेळी बाबांना आणि डॉक्टरांना विचारून. आजीचा सव्वा लिटरचा तांब्या सकाळी भरून ठेवायचा, चहा-ताक त्यातूनच वजा, आणि रोज सकाळी वजन लिहायचं. एकदम वाढलं तर दवाखान्यात फोन. आई आणि काकू शेतात जाताना पाच लिटरचा कॅन नेतात, आणि बांधावर पत्र्याचा आडोसा उभा केलाय. खर्च फार आला नाही. इतकी वर्षं कुणाला सुचलं नाही, एवढंच. बाबांना एकदा खडा होऊन गेलाय, त्यांना डॉक्टरांनी लघवीचा रंग फिका राहील इतकं प्यायला सांगितलंय. माझ्या रकान्यात आईने स्वतः लिहिलंय, "तहान लागेल तेव्हा".

एकच घर, एकच दिवस, चार आकडे. आणि टुणकन वाजणारं ते ॲप मी सगळ्यांच्या फोनवरून काढून टाकलंय.

निघताना आजीला विचारलं, त्या दिवशी डॉक्टरांसमोर खोटं का बोललीस? ती म्हणाली, "तू पुन्याहून आला होता. तुले कोनी बोललं असतं तर मले बरं वाटलं नसतं." मग तांब्यातलं उरलेलं पाणी बघून म्हणाली, "अजून आर्धा पेला हाय माह्या वाट्याचा. तू पे."

मी प्यायलो. तहान नव्हती तरी.